दहा हजारांची नोट आणि तिचे खरे मोल

दहा हजार रुपयांची एकच नोट भारतात एके काळी अधिकृत चलनात होती, हे आजच्या पिढीला सांगितले तर चटकन खरे वाटत नाही. पाच हजारांच्या नोटेवर मुंबईच्या 'गेट वे ऑफ इंडिया'चे चित्र होते, ही गोष्ट तर खुद्द मुंबईकरांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असेल. या नोटा आता बाजारातून नव्हे, तर लिलावगृहांच्या सूचीतून भेटतात आणि त्यांच्यावर दर्शनी मूल्याच्या कितीतरी पट बोली लागते. अशा एखाद्या बोलीची बातमी आली, की घरोघरी जुन्या पेट्या, पोथ्यांची पाने आणि वडिलोपार्जित कपाटे उघडली जातात. 'जुनी नोट द्या, लाखो रुपये घ्या' अशा जाहिरातींचे पीकही नेमके याच सुमारास येते आणि त्यात अनेकांचे हात पोळतात.

एखाद्या नोटेला मोल का येते आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसरीला ते का येत नाही, हे समजून घेण्यासाठी मोठ्या मूल्याच्या भारतीय नोटांचा इतिहास पाहावा लागतो. नोटेवर छापलेला आकडा सरकारने दिलेल्या वचनाचा असतो. ते वचन सरकारने मागे घेतले, की छापील आकड्याचा अर्थ संपतो. मग उरतो तो दुसराच आकडा : परत आल्या नाहीत अशा नोटा किती? संग्राहकाच्या लेखी नोटेची किंमत ठरते ती प्रामुख्याने या दुसऱ्या आकड्यावर.

सरकारी नोटांचा प्रारंभ

भारतात सरकारी कागदी चलनाचा प्रारंभ १८६१ च्या कायद्याने झाला. त्यापूर्वी कोलकाता, मुंबई व मद्रास येथील इलाखा बँका आपापल्या नोटा काढीत असत. १८४० मध्ये स्थापन झालेल्या 'बँक ऑफ बॉम्बे'च्या काही नोटांवर मुंबईच्या टाऊन हॉलचे, तर काहींवर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन व जॉन माल्कम यांच्या पुतळ्यांचे चित्र होते. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला आणि राणी व्हिक्टोरियाचे चित्र असलेल्या नोटा प्रचारात आल्या. दहा, वीस, पन्नास, शंभर यांच्या जोडीला हजार रुपयांची नोटही या पहिल्याच मालिकेत होती. या नोटा एकाच बाजूने छापल्या जात आणि त्यांचा हाताने बनविलेला कागद इंग्लंडमधील गिरणीतून येई.

पुढे बनावट नोटांचा सुळसुळाट झाल्यामुळे ही मालिका मागे घ्यावी लागली आणि १८६७ पासून वेगळ्या धाटणीच्या, रंगीत नक्षीच्या पार्श्वभूमीवर छापलेल्या नोटा आल्या. या मालिकेत दहा हजारांपर्यंतच्या नोटांचा समावेश होता.

त्या काळात हजाराची नोट म्हणजे सामान्य माणसाच्या हाती कधीही न येणारी वस्तू होती. ज्या काळी महिन्याला मोजके रुपये वेतन मिळे, त्या काळी हजार किंवा दहा हजारांची नोट बाजारहाटासाठी वापरण्याचा प्रश्नच नव्हता. बँका, सरकारी खजिने, सराफ पेढ्या आणि कापूस-अफूचे मोठे व्यापारी यांच्यातील रकमांच्या उलाढालीसाठी ती असे. तिचे काम पैशापेक्षा हुंडीशी अधिक मिळतेजुळते होते.

शिवाय ही नोट देशभर सरसकट चालत नसे. चलनव्यवहारासाठी देशाची मंडळे, म्हणजे 'सर्कल', पाडलेली होती. मुंबई, कोलकाता, मद्रास, रंगून, कराची, लाहोर, कानपूर अशी ही मंडळे. एका मंडळाची नोट कायद्याने त्याच मंडळात वटत असे. १९०३ ते १९११ या काळात पाच, दहा, पन्नास आणि शंभराच्या नोटांवरील हे बंधन टप्प्याटप्प्याने दूर झाले. मोठ्या नोटांवर मात्र मंडळाचे नाव पुढेही दीर्घकाळ छापले जात होते. हे नाव आज संग्राहकासाठी फार मोलाचे ठरते. एकाच वर्षाची, एकाच स्वाक्षरीची हजाराची नोट मुंबई मंडळाची आहे की कमी छपाई झालेल्या दुसऱ्या एखाद्या मंडळाची, यावर तिच्या किमतीत मोठा फरक पडू शकतो.

त्या काळाची आणखी एक खूण जुन्या नोटांवर दिसते. टपालाने पैसे पाठवताना चोरीचे भय असे. म्हणून नोट मधोमध कापून एक अर्धा भाग आधी पाठवला जाई आणि तो पोहोचल्याचे कळल्यावर दुसरा. मिळालेले दोन्ही तुकडे जोडून नोट वटवता येई. अशा जोडलेल्या नोटा आजही आढळतात. इतर कोणत्याही जोडकामाने नोटेचे मोल घसरते. इथे तो जोडच तिच्या वापराचा पुरावा असतो, हे जाणकार ध्यानात घेतात.

नाशिकचा छापखाना आणि १९३८ ची नोट

पंचम जॉर्जचे चित्र असलेल्या नोटांची नियमित मालिका १९२३ मध्ये आली. या मालिकेतही हजार व दहा हजारांच्या नोटा होत्या. तोवर भारतीय नोटा इंग्लंडमध्ये छापून जहाजाने आणल्या जात. १९२८ मध्ये नाशिक येथे सरकारी सुरक्षा मुद्रणालय सुरू झाले आणि १९३२ पर्यंत सर्व मूल्यांच्या भारतीय नोटा नाशिकला छापल्या जाऊ लागल्या. भारतीय चलनाच्या इतिहासात नाशिक रोडचे नाव तेव्हापासून जे जोडले गेले, ते आजतागायत कायम आहे.

रिझर्व्ह बँकेची स्थापना १ एप्रिल १९३५ रोजी झाली; पण बँकेची स्वतःची पहिली नोट निघाली ती जानेवारी १९३८ मध्ये. ती पाच रुपयांची होती आणि तिच्यावर सहाव्या जॉर्जचे चित्र होते. फेब्रुवारीत दहाची, मार्चमध्ये शंभराची आणि जूनमध्ये हजार व दहा हजारांची नोट आली. रिझर्व्ह बँकेने छापलेली सर्वाधिक मूल्याची नोट ती हीच. १९५४ मध्ये दहा हजारांची नोट पुन्हा निघाली. त्याहून मोठी नोट रिझर्व्ह बँकेने कधीही काढलेली नाही.

या रकमेची त्या काळातील ताकद समजण्यासाठी एक साधा हिशेब पुरे. १९३८ च्या सुमारास सोन्याचा भाव तोळ्याला साधारणतः पस्तीस रुपये होता. म्हणजे दहा हजारांच्या एका नोटेत अडीचशे तोळ्यांहून अधिक सोने येत होते. अशी नोट खिशात घेऊन कोणी हिंडत नसे, हे उघड आहे. साहजिकच तिची छपाई थोडी, वापर मोजक्या हातांपुरता आणि परत बँकेत येण्याचे प्रमाण मोठे होते. दुर्मिळतेची पहिली पायरी इथेच घडली.

पहिली नोटाबंदी : जानेवारी १९४६

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टंचाई, साठेबाजी आणि काळा बाजार यांतून अनेकांनी अमाप पैसा मिळवला आणि त्यावरील कर चुकवला. हा पैसा मोठ्या नोटांच्या रूपाने दडवून ठेवलेला आहे, असा सरकारचा समज होता. १२ जानेवारी १९४६ रोजी अध्यादेश निघाला आणि पाचशे, हजार व दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. नोटा बदलून घेणाऱ्याला आपल्याकडे त्या कशा आल्या, याचे विहित नमुन्यातील निवेदन देणे भाग होते.

त्या वेळी रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदी होते सर चिंतामणराव देशमुख, म्हणजेच रायगड जिल्ह्यातील नाते या गावचे सुपुत्र सी. डी. देशमुख. १९४३ मध्ये या पदावर आलेले ते पहिले भारतीय. या योजनेबाबत बँकेचे अधिकारी फारसे उत्साही नव्हते, असे बँकेच्या अधिकृत इतिहासात नोंदलेले आहे. पुढील आकडे पाहता त्यांची शंका अनाठायी नव्हती. एकूण १४३.९७ कोटी रुपयांच्या मोठ्या नोटांपैकी १३४.९ कोटींच्या नोटा १९४७ अखेरपर्यंत बदलून घेतल्या गेल्या. परत आल्या नाहीत त्या फक्त ९.०७ कोटी रुपयांच्या.

काळा पैसा बाहेर काढण्याच्या दृष्टीने हे यश होते की अपयश, हा अर्थशास्त्रज्ञांच्या वादाचा विषय आहे. नोटांच्या संग्राहकाने मात्र या आकड्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे. ९.०७ कोटी रुपये म्हणजे सगळ्या हजाराच्याच नोटा धरल्या, तरी ९० हजार ७०० नोटा. सगळ्या दहा हजारांच्या धरल्या, तर केवळ ९ हजार ७०. प्रत्यक्षात हे मिश्रण होते. त्यातील बहुतेक नोटांचे काय झाले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. ज्याला निवेदन देण्याची भीती वाटली, त्याने त्या जाळल्या असतील. काही वाळवीने खाल्ल्या असतील, काही फाळणीच्या धामधुमीत गेल्या असतील. शिवाय निरुपयोगी कागद कोण जपून ठेवणार? आठ दशकांच्या या गळतीतून जे थोडे उरले, तेच आज लिलावात दिसते.

गेट वे, तंजावरचे मंदिर आणि अशोकस्तंभ

१९४६ नंतर आठ वर्षे शंभराची नोट हीच देशातील सर्वांत मोठी नोट होती. १९५४ मध्ये सरकारने हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा पुन्हा आणल्या. राजाचे चित्र जाऊन आता अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष आले होते. हजाराच्या नोटेवर तंजावरचे बृहदीश्वर मंदिर, पाच हजारांच्या नोटेवर गेट वे ऑफ इंडिया आणि दहा हजारांच्या नोटेवर सिंहशीर्षाचे चित्र अशी त्यांची रचना होती. यातील पाच हजारांच्या नोटेचे वैशिष्ट्य असे, की १९३८ च्या मालिकेत हे मूल्य नव्हतेच. रिझर्व्ह बँकेची पाच हजारांची नोट ही केवळ १९५४ ते १९७८ या चोवीस वर्षांतील वस्तू आहे.

या नोटांचा शेवट नाट्यमय झाला. जानेवारी १९७८ मध्ये मोरारजी देसाई यांच्या नेतृत्वाखालील जनता पक्षाचे सरकार सत्तेवर होते. १४ जानेवारी रोजी रिझर्व्ह बँकेचे एक वरिष्ठ अधिकारी आर. जानकीरामन यांना तातडीने दिल्लीला बोलावण्यात आले. दिल्लीत पोहोचल्यावर त्यांना सांगण्यात आले, की मोठ्या नोटा रद्द करावयाच्या आहेत आणि त्यासाठीच्या अध्यादेशाचा मसुदा तयार हवा. मुंबईतील मध्यवर्ती कार्यालयाशी कोणताही संपर्क साधायचा नव्हता. संदर्भ म्हणून त्यांनी १९४६ चा अध्यादेश मागून घेतला आणि मसुदा सिद्ध झाला. १६ जानेवारीच्या पहाटे तो राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांच्या स्वाक्षरीसाठी गेला आणि त्याच दिवशी सकाळी नऊच्या बातम्यांत आकाशवाणीने देशाला ही वार्ता दिली. दुसऱ्या दिवशी बँका व सरकारी खजिने नेहमीच्या व्यवहारांसाठी बंद ठेवण्यात आले.

गव्हर्नर डॉ. आय. जी. पटेल या उपायाला अनुकूल नव्हते. गैरमार्गाने मिळवलेली संपत्ती फार काळ रोख नोटांच्या रूपात क्वचितच ठेवली जाते, असे त्यांचे मत होते आणि त्यांनी ते पुढे आपल्या पुस्तकात मांडलेही. या नोटांचे एकूण चलनातील प्रमाण अल्प होते आणि सामान्य नागरिकाला तर त्यांचे दर्शनही दुर्लभ होते. त्यामुळे १९७८ च्या नोटाबंदीची झळ मोठे व्यापारी, सराफ आणि ठेकेदार अशा मर्यादित वर्गालाच बसली. यानंतर पुन्हा नऊ वर्षे शंभराची नोट सर्वांत मोठी राहिली. पाचशेची नोट १९८७ मध्ये आणि हजाराची २००० मध्ये पुन्हा चलनात आली.

न परतलेल्या नोटांचे गणित

आता अलीकडच्या काळाकडे वळू. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पाचशे व हजाराच्या तत्कालीन नोटा रद्द केल्याची घोषणा केली. तेव्हा १५.४१ लाख कोटी रुपयांच्या अशा नोटा चलनात होत्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७-१८ च्या वार्षिक अहवालानुसार त्यांपैकी १५.३१ लाख कोटींच्या, म्हणजे ९९.३ टक्के नोटा परत आल्या. न आलेल्या नोटा सुमारे १० हजार ७२० कोटी रुपयांच्या होत्या.

टक्केवारीच्या भाषेत ही गळती १९४६ पेक्षा कितीतरी कमी. १९४६ मध्ये सहा टक्क्यांहून अधिक नोटा परतल्या नव्हत्या. २०१६ मध्ये एक टक्काही नाही. म्हणजे २०१६ ची नोट अधिक दुर्मिळ ठरायला हवी, असे कोणाला वाटेल. पण दुर्मिळता टक्क्यांनी नव्हे, नगांनी मोजली जाते. १० हजार ७२० कोटी रुपये सर्वच्या सर्व हजाराच्या नोटांत होते असे धरले, तरी त्या १० कोटी ७२ लाख नोटा होतात. पाचशेच्या धरल्या तर दुप्पट. एका बाजूला काही हजार, तर दुसऱ्या बाजूला दहा कोटींहून अधिक! बाद झालेली २०१६ ची हजाराची साधी नोट जपून ठेवणाऱ्याच्या पदरी आठवणीपलीकडे फारसे काही पडणार नाही, ते या हिशेबामुळे.

दोन हजारांच्या नोटेचीही कथा अशीच आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये आलेली ही नोट १९ मे २०२३ रोजी चलनातून मागे घेण्याची घोषणा झाली. त्या दिवशी ३.५६ लाख कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. डिसेंबर २०२४ अखेर त्यांतील ९८ टक्क्यांहून अधिक परत आल्या आणि ६ हजार ६९१ कोटी रुपयांच्या लोकांकडे उरल्या. नगांत मोजल्यास त्या तीन कोटी चौतीस लाखांहून अधिक भरतात. शिवाय ही नोट 'मागे घेतली' आहे, रद्द केलेली नाही. तिची वैधता कायम असल्याचे रिझर्व्ह बँकेने त्याच वेळी स्पष्ट केले होते. तेव्हा दुर्मिळ म्हणून ती चढ्या भावाने विकत घेण्यात शहाणपण नाही.

रद्द करणे आणि मागे घेणे यांतील हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. अमेरिकेत पाचशे, हजार, पाच हजार आणि दहा हजार डॉलरच्या नोटा होत्या. १४ जुलै १९६९ रोजी त्यांचे वितरण थांबविण्याचा निर्णय जाहीर झाला. परंतु त्या नोटा बेकायदा ठरवल्या गेल्या नाहीत. हजार डॉलरची जुनी नोट कितीही चुरगळलेली असली, तरी तिचे मोल हजार डॉलरच्या खाली जात नाही. तिच्यापायी सरकारी वचनाची जमीन शाबूत आहे. संग्राहकाची किंमत ही त्यावरची माडी. तीही किती उंच जाऊ शकते? अमेरिकेची १८९० ची, मागील बाजूच्या शून्यांच्या आकारामुळे 'ग्रँड वॉटरमेलन' म्हणजे 'मोठे कलिंगड' या नावाने ओळखली जाणारी हजार डॉलरची नोट जानेवारी २०१४ मधील लिलावात ३२ लाख ९० हजार डॉलरना विकली गेली.

भारतातील रद्द नोटेच्या पायाखाली मात्र ही जमीन नाही. लिलावात गिऱ्हाईक मिळाले तर ती लाखमोलाची, न मिळाले तर कागद. म्हणूनच भारतात अशा नोटा घेणाऱ्याने अधिक सावध असणे आवश्यक आहे.

जाणकार काय पाहतात?

दोन नोटांपैकी एक हजारांत आणि दुसरी लाखांत का जाते, याचे पहिले कारण स्थिती हे आहे. घडी न पडलेली, कडा तीक्ष्ण असलेली, करकरीत कोरी नोट सर्वांत वरची. एक हलकी घडीही तिला खालच्या श्रेणीत ढकलते. आंतरराष्ट्रीय बाजारात नोटांचे प्रमाणीकरण करणाऱ्या संस्था एक ते सत्तर अशा मापनात गुण देतात आणि नोट पारदर्शक आवरणात बंदिस्त करून देतात. वरच्या श्रेणीतील थोड्याशा गुणांच्या फरकानेही किंमत बरीच बदलते.

भारतीय नोटांच्या बाबतीत टाचणीच्या छिद्रांचा प्रश्न खास आपला आहे. नोटांची बंडले टाचण्याची पद्धत आपल्या बँकांत अनेक दशके होती. रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये बँकांना ती बंद करण्याचा आदेश दिला. त्यामुळे जुनी, अन्यथा निर्दोष असलेली नोटही डाव्या बाजूला एक-दोन छिद्रे घेऊनच येते. छिद्र नसलेली जुनी मोठी नोट म्हणूनच विशेष भाव खाते. ही छिद्रे बुजवून देणारे कारागीरही आहेत. नोट उजेडासमोर धरली, की बुजवलेली जागा बहुधा वेगळी दिसते. अशी दुरुस्ती लपवून केलेली विक्री ही फसवणूकच होय.

दुसरी बाब म्हणजे गव्हर्नरची स्वाक्षरी आणि क्रमांकाच्या आधीचे अक्षर. एकच नोट दोन गव्हर्नरांच्या काळात छापली गेली असेल, तर ज्याच्या स्वाक्षरीच्या नोटा कमी छापल्या गेल्या ती अधिक मोलाची. मंडळाचे नाव आणि छपाईतील प्रकार यांचाही विचार होतो. 'नमुना' म्हणून बँकांना पाठवलेल्या आणि छिद्रांनी रद्द केलेल्या प्रतींचा वर्ग स्वतंत्र असतो. अतिदुर्मिळ मूल्यांच्या बाबतीत काही वेळा या नमुना प्रतीच संग्राहकाच्या हाती लागू शकतात.

तिसरी बाब अस्सलपणाची. मोठ्या नोटांच्या नकला पूर्वीही झाल्या आणि आजही होतात. काही उघडपणे शोभेच्या वस्तू म्हणून विकल्या जातात आणि दोन हातांनंतर 'आजोबांच्या पेटीतील नोट' बनतात. कागदातील जलचिन्ह, कोरीव छपाईचा बोटांना जाणवणारा उठाव, रंगांची सूक्ष्म रेषाकारी आणि क्रमांकाची धाटणी या गोष्टी छायाचित्रावरून तपासता येत नाहीत. त्यासाठी नोट हातात घ्यावी लागते. अस्सल नोटा पाहून डोळा तयार करण्याची सोयही आहे. मुंबईत फोर्ट भागातील सर फिरोजशहा मेहता रस्त्यावर रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय असून त्याचे उद्घाटन २००४ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले होते. भारतीय कागदी चलनाचे अभ्यासक रिझवान रझाक यांनी २०२० मध्ये बेंगळुरू येथे केवळ भारतीय नोटांना वाहिलेले संग्रहालय उभारले आहे.

कायदा आणि फसवणूक

२०१६ मध्ये रद्द झालेल्या नोटा जवळ बाळगण्याला कायद्याने मर्यादा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २०१७ च्या कायद्यानुसार अशा दहांपेक्षा अधिक नोटा, त्यांचे मूल्य कोणतेही असो, जवळ ठेवता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा नाणेसंग्रह यांसाठी ही मर्यादा पंचवीस नोटांची आहे. उल्लंघन झाल्यास दहा हजार रुपये किंवा नोटांच्या दर्शनी मूल्याच्या पाचपट, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेवढा दंड होऊ शकतो. 'उद्या भाव येईल' या आशेने जुन्या हजारांचे बंडल सांभाळणाऱ्याने ही तरतूद ध्यानात ठेवलेली बरी.

याहून मोठा धोका फसवणुकीचा आहे. तिची रीत ठरलेली असते. समाजमाध्यमावर किंवा खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर जाहिरात येते. विशिष्ट क्रमांकाच्या, बहुधा शेवटी '७८६' असलेल्या, नोटेला लाखो रुपये देऊ केले जातात. गिऱ्हाईक पुढे आले, की रिझर्व्ह बँकेच्या नावाने बनवलेले पत्र पाठवले जाते आणि नोंदणी शुल्क, दलाली, कर अशा नावांनी त्याच्याकडूनच पैसे मागितले जातात. एक हप्ता भरला की दुसरा. नोट तिथेच राहते, खाते मात्र रिकामे होते. या प्रकारांची दखल घेऊन रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर इशारा दिला. आपण असे व्यवहार करीत नाही, त्यासाठी कोणतेही शुल्क मागत नाही आणि आपल्या वतीने ते आकारण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला वा व्यक्तीला दिलेला नाही, असे बँकेने त्यात स्पष्ट केले. खरा खरेदीदार विकणाऱ्याला पैसे देतो, त्याच्याकडून मागत नाही, एवढे साधे सूत्र लक्षात ठेवले तरी बहुतेक फसवणूक टळेल.

घरात खरोखरच १९३८ ची किंवा १९५४ ची मोठी नोट सापडली, तर काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे तिला सुधारायला जाऊ नये. ओल्या फडक्याने पुसणे, इस्त्री फिरवणे, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावणे किंवा लॅमिनेशन करून घेणे यांतील प्रत्येक गोष्ट नोटेचे मोल कायमचे घटवते. नोट सपाट, कोरड्या जागी, उन्हापासून दूर, नोटांसाठीच्या चांगल्या प्रतीच्या पारदर्शक पाकिटात ठेवावी. दोन वेगवेगळ्या जाणकारांना ती दाखवावी. लिलावात प्रत्यक्ष किती रकमेला विक्री झाली, तो आकडा पाहावा. विक्रेत्याने मागितलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. नोट घरात कशी आली, याची काही कागदोपत्री खूण, जुने पाकीट वा वहीतील नोंद असल्यास तीही जपावी. मागचा माग निश्चित असलेल्या नोटेवर खरेदीदाराचा विश्वास लवकर बसतो.

दोन्ही नोटाबंदींच्या वेळी नोटा परत आणून देणाऱ्यांना त्यांचा मोबदला मिळाला आणि त्यांच्या नोटा भट्टीत गेल्या. ज्यांनी त्या भीतीने, विस्मरणाने किंवा निव्वळ हट्टाने घरात ठेवल्या, त्यांचे त्या वेळी पूर्ण नुकसान झाले. त्यांच्या नातवंडांपैकी एखाद्याच्या हाती आज तो कागद आला आणि तो वाळवी, ओल व इस्त्री यांतून वाचलेला असला, तर त्याला किंमत आहे. ती किंमत दहा हजारांच्या आकड्याची नाही. बाकीच्या जवळजवळ सगळ्या नोटा नाहीशा झाल्या, म्हणून ती आहे.